लेटरकेनीला दिलेली सवलत

लेटरकेनी, डोनेगल
१७ मे २०२०

श्री. देवदत्त यांस,
स. न. वि. वि.

हे पत्र आयर्लंडच्या मराठी क्रिकेट चषक समितीच्या कामासंबंधी आहे, तेव्हा पाठवणाऱ्याचं नाव बघून लगेच पुसून टाकू नये. मेलचा पत्ता डब्लिनच्या शैलेंद्रने दिला. व्हॉट्सॲपवर मी आपल्याला ब्लॉक केलं आहे की आपण मला, हे आता आठवत नाही.

यंदाचा चषक रद्द झाला. सध्या इथे घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी आहे, आणि पाच किलोमीटरच्या आत आमच्याकडे मराठी माणसं इतकी थोडी की त्यांतली तान्ही मुलं वगळली तर एक बाजूसुद्धा धड होत नाही. खेळ नाही म्हटल्यावर समितीला मीटिंगांचा ऊत आलाय. दर रविवारी झूम. यंदाचा चिटणीस मी आहे. दुसरं कुणी होईना म्हणून झालो.

वॉटरफोर्डला उल्हास नावाचा औषध कारखान्यातला एक इंजिनियर आहे, त्याला नवा संघ काढायचाय. त्याच्याकडे खेळाडू सात आणि उत्साह सत्तर जणांचा. २०१४ साली लेटरकेनीच्या नव्या संघाला खेळाडू निवडायची जी खास सवलत दिली होती, तीच आम्हालाही द्या, असा त्याचा अर्ज आहे. समिती म्हणते, आधी त्या सवलतीचा उपयोग झाला का ते बघू. अहवाल चिटणिसाने लिहायचा, आणि मूळ कल्पना ज्याने ऑस्ट्रेलियाहून आणली त्याचं मत घ्यायचं. तो मनुष्य आता तिथेच, गोल्ड कोस्टला जाऊन राहिलाय. म्हणजे आपण.

प्रश्न एवढाच आहे: तुमच्या तिकडच्या फुटबॉलमध्ये नव्या क्लबांना ड्राफ्टच्या, म्हणजे खेळाडू निवडायच्या, सवलती दिल्या, त्यांचा उपयोग झाला का? हो किंवा नाही ते कळवावे. सविस्तर लिहिण्याची गरज नाही.

घरी सगळे ठीक असतील असं धरून चालतो.

कळावे,
पद्माकर

ता. क. आपला स्टीलचा डबा आमच्याकडे राहिलाय. शंकरपाळ्यांचा. सध्या त्यात तूरडाळ असते. माधवीने लिहायला सांगितलं म्हणून लिहिलं.


लेटरकेनी
९ ऑगस्ट २०२०

देवदत्त,

आपण-बिपण सोडून देतो. एका पत्रात माझा जबडा दुखायला लागला.

तुझं उत्तर पोचलं. सविस्तर लिहू नका म्हटलेलं इतकं मनावर घ्यायला नको होतं. इतक्या आठवड्यांनी चार ओळी: "सिडनीच्या नव्या क्लबला उपयोग झाला, फायनलपर्यंत गेला. आमच्या गोल्ड कोस्टला नाही झाला. पोरं उत्तम निवडली होती, पण करार संपला की जो तो आपापल्या घरी गेला. खेळाडू देता येतात, घर देता येत नाही. वहिनींना नमस्कार."

मला नमस्कार नाही, हे माझ्या लक्षात आलंय. वहिनींना पोचवला. तिला अजून वहिनी म्हणणारा तू एकटाच उरला आहेस, बाकी सगळे सरळ माधवी म्हणतात.

परवापासून तुमच्या नासचा अख्खा किल्डेअर जिल्हा बंद केलाय. आतल्याने बाहेर पडायचं नाही, बाहेरच्याने आत जायचं नाही. बातमी ऐकली आणि मला नासचं कालव्यामागचं आपलं मैदान आठवत राहिलं. २०१२चा उन्हाळा. तू ब्रिस्बेनचं प्रोजेक्ट संपवून नुकताच आला होतास आणि आयर्लंडच्या जूनवर विश्वास ठेवून अर्ध्या चड्डीत मैदानावर उतरला होतास. आम्ही सगळे जॅकेटांत. तुझे गुडघे निळे पडले, तरी थंडी वाजतेय हे तू शेवटपर्यंत कबूल केलं नाहीस. गवत इतकं ओलं की टेनिस बॉल तिसऱ्या ओव्हरला दगडासारखा लागायचा. मग तुझी स्वरूपा ते बॉल घरी नेऊन हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांच्या शेजारी सुकत ठेवायची. पुढे कितीतरी दिवस तुमच्या टॉवेलांना रबराचा वास यायचा.

चषक आपण दोघांनी सुरू केला, हे आताच्या पोरांना माहीतसुद्धा नाही. डब्लिन, नास, कॉर्क, लिमरिक असे चार संघ. नासचा तू कप्तान, मी विकेटकीपर. सामना संपला की चहा घेत घेत तू तुझ्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं कीर्तन लावायचास. चेंडू लंबगोल, मैदान लंबगोल, आणि नेम जरासा हुकला तरी एक गुण देतात म्हणे. नेम चुकल्याबद्दल गुण देणारा खेळ तुला आवडणारच, असं मी म्हटलं होतं आणि तू चहा माझ्या बुटावर ओतला होतास. गोल्ड कोस्टचा क्लब पहिलाच सामना शंभराहून जास्त गुणांनी हरला, तो तू ब्रिस्बेनच्या मैदानात बसून पाहिला होतास. ते तू दर वेळी नव्याने सांगायचास. हरणाऱ्याचा तुला आधीपासून कळवळा.

म्हणून तर २०१४च्या फेब्रुवारीत लेटरकेनीचा अर्ज आला तेव्हा सगळे हसले आणि तू उठून बोर्डावर लिहायला लागलास. ऑस्ट्रेलियात नव्या क्लबला प्रत्येक जुन्या क्लबमधून करार संपलेला एकेक खेळाडू उचलू दिला होता. आपणही तसंच करू. प्रत्येक जुन्या संघाने सहा जणांची राखीव यादी करायची, त्यांना हात लावायचा नाही. उरलेल्यांतून लेटरकेनीने एक निवडायचा, आणि त्याने दोन मोसम तिकडून खेळायचं. ज्याचा माणूस जाईल त्या संघाला भरपाई म्हणून, भारतातून नव्याने आलेल्यांमध्ये पहिली निवड. मी टाळ्या वाजवल्या होत्या, आठवतं?

मग तुझ्याच घरी, मिसळीच्या बेताला, नासची राखीव यादी वाचलीस. पाच नावं झाली. मी रश्शात पाव बुडवत होतो. मला आपली खात्री, सहावं माझंच. सहावं नाव तू स्वतःचं घेतलंस.

लेटरकेनीचे कप्तान, माधवीच्या हॉस्पिटलातले एक्स-रेचे डॉक्टर, फोनच्या स्पीकरवर होते. त्यांनी क्षणाचीही उसंत घेतली नाही. म्हणाले, आम्हाला पद्माकर द्या. मी तुझ्याकडे बघितलं आणि का म्हणून विचारलं. तू म्हणालास, "संघाच्या भल्यासाठी." एवढंच. पुढे कधी त्यात एक शब्द वाढवला नाहीस.

लोक माझी समजूत घालत होते. तुझी बायको तिथेच हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे, मुलगी तिच्यापाशी आहे, तू एकटा इथे नासला नोकरीपायी राहतोस, बरंच झालं की. मुद्दा तो नव्हता. मुद्दा हा होता की घरातल्या माणसाने मला घराबाहेर काढलं.

आणि मी निघालो तेव्हा माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर तू तो डबा ठेवलास. शंकरपाळे! माधवीने आणि ज्ञानदाने मिळून आठवड्यात संपवले. मी त्यातला एकही तोंडात टाकला नाही.

अहवालाला ह्यातलं काही लागणार नाही. उगाच लिहीत गेलो.

पद्माकर


लेटरकेनी
२५ ऑक्टोबर २०२०

देवदत्त,

तू काही विचारलं नाहीस, तरी लिहितोय. पुन्हा पाच किलोमीटर लागलंय, माणसाने करावं काय?

काल सकाळी तुमच्या फुटबॉलची फायनल लावली होती. अहवालासाठी, म्हणजे संशोधन म्हणून. तुझ्या ब्रिस्बेनलाच होती ना यंदा? ज्ञानदा शेजारी येऊन बसली. बारा वर्षांची झाली. इथल्या क्लबच्या मुलींबरोबर गेलिक फुटबॉल, म्हणजे हातापायांनी खेळायचा आयरिश फुटबॉल, खेळते, आणि मराठी सगळं समजून उत्तर मात्र डोनेगलच्या इंग्रजीत देते. दोन मिनिटं बघून म्हणाली, "बाबा, दॅट्स जस्ट आवर फुटबॉल विथ अ वी एग." वी म्हणजे इथल्या बोलीत छोटं. त्यातले आयरिश खेळाडू तिला नावानिशी ठाऊक होते. मग विचारलं, देवदत्तकाकाची टीम कुठेय? म्हटलं, ती कधी फायनलपर्यंत येत नाही. तिला सगळी हकीकत सांगितली, की देशभरातली उत्तमातली उत्तम पोरं त्यांना निवडू दिली, पण ती टिकली नाहीत, घरी परत गेली. त्यावर कार्टी म्हणते, "दे शुड हॅव गिव्हन देम द मॅमीज ॲज वेल."

हे तुझ्या मताशी जुळतंय, म्हणून अहवालात घालावं की काय ह्या विचारात आहे.

आमच्याकडे तेच झालं. सवलतीतले आम्ही चौघे आलो. डब्लिनवाला दोन मोसम संपल्या दिवशी गेला. गाडीशिवाय इथे दूधसुद्धा आणता येत नाही, आणि त्याला गाडी चालवायचा कंटाळा. कॉर्कवाल्याला येण्याजाण्यातच सुट्टी संपते असं वाटायचं, आणि ते खरंच होतं, अख्खा देश ओलांडून यायचा बिचारा. लिमरिकवाल्याचं लग्न झालं. लेटरकेनी एकदाही उपांत्य फेरीत पोचली नाही. एका वर्षी कॉर्कला हरवलं, ते त्यांचे निम्मे लोक वाट चुकून सीमेपलीकडच्या डेरी गावात गेले म्हणून.

आणि तुला भरपाईत मिळालेला आशिष! नव्या आलेल्यांच्या नोंदीत नागपूरच्या ह्या पोराने लिहिलं होतं, राज्य पातळीवर खेळलो आहे. तू झडप घातलीस. पहिल्याच सामन्यात त्याने सोपा झेल नाकावर घेतला, तेव्हा कुठे चौकशी झाली. तो कॅरम खेळायचा. त्याचा काय दोष? आपण कुणी विचारलंच नव्हतं. मराठी माणूस खेळतो म्हणाला म्हणजे क्रिकेटच, एवढी आपली अक्कल. माझ्या बदल्यात नासला कॅरमपटू मिळाला हे कळलं, त्या दिवशी मी माधवीला बाहेर जेवायला नेलं होतं. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

पण ते दिवस आठवले की बरं वाटतं, हेही खरं. शनिवारी सकाळी सराव, म्हणून शुक्रवारीच निघावं लागायचं. मोनॅहनला चहा. मग सीमा ओलांडून उत्तर आयर्लंडमध्ये गेलं की पाट्यांवरच्या किलोमीटरांचे मैल होतात. ओमा, स्ट्रबेन, आणि लिफर्डचा पूल आला की परत आपल्या बाजूला. सुरुवातीला वाटभर तुला शिव्या देत यायचो. रविवारी सामना, म्हणजे शनिवारची दुपार मोकळी. तेव्हा आम्ही तिघं रॅथमुलनच्या किनाऱ्यावर जायचो. ज्ञानदा सहा वर्षांची, थंडगार पाण्यात पाय घालून किंचाळायची. सरावाला ती यष्ट्यांच्या मागे पालथ्या बादलीवर बसायची आणि माझ्या हातून सुटलेले चेंडू पळत जाऊन आणायची. तिला भरपूर काम असायचं. पुढे पुढे मोनॅहनचा चहा मी प्यायचा सोडला, कारण तेवढ्यात अर्धा तास जायचा.

दोन मोसम संपले तेव्हा मी मोकळा होतो. नासने परत बोलावलंसुद्धा. तू नाही, दुसऱ्या कुणीतरी फोन केला होता. तोवर मी इथेच एक नोकरी बघून ठेवली होती. संघाकडे कीपर नव्हता म्हणून राहिलो, बाकी काही कारण नाही.

माधवी शेजारी बसून हे वाचतेय आणि हसतेय. का, ते सांगत नाही.

पद्माकर


लेटरकेनी
३१ जानेवारी २०२१

देवा,

काल दुपारी जेवताना अहवाल वाचून दाखवला.

आधी हे सांगतो की माधवी महिनाभर घरात असून नसल्यासारखीच होती. नाताळनंतर इथे साथीने जो काही धुमाकूळ घातला, तो तू बातम्यांत वाचला असशील. भूल देणाऱ्यांना व्हेंटिलेटरशी उभं केलेलं. घरी यायची, अंघोळ करायची, पोळीचा तुकडा हातात धरून बसल्या बसल्या झोपायची. काल तिला पहिली खरी सुट्टी. मी वरण-भात, बटाट्याची भाजी केली आणि तिची करमणूक व्हावी म्हणून अहवाल काढला. शेवट मला फार ठसठशीत जमला होता: लेटरकेनीला दिलेल्या सवलतीचा काहीही उपयोग झाला नाही. संघ वर आला नाही आणि आणलेले खेळाडू टिकले नाहीत. सबब वॉटरफोर्डचा अर्ज फेटाळावा.

माधवीने विचारलं, "चौथा टिकला ना?"

मी म्हटलं, चौथा मी. मला धरायचं नाही, मी अपवाद.

तिने ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "भाऊजींना मी सांगितलं होतं. तुला राखीव ठेवू नका म्हणून."

देवा, मला आधी कळलंच नाही ती कशाबद्दल बोलतेय.

मग तिने सगळं सांगितलं. तुला माहीत आहेच, पण मला काल पहिल्यांदा कळलं, म्हणून लिहितो. ती इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. शाळेतल्या बाईंनी ज्ञानदाला विचारलं, तुझे बाबा काय करतात? ती म्हणाली, "ही प्लेज फॉर नास." बाईंना वाटलं, बाप किल्डेअरचा फुटबॉलपटू आहे! त्यांनी कौतुकाने माधवीला विचारलं, मोठा खेळाडू दिसतोय, कधी भेटतील का? माधवी हसली, आणि गाडीत येऊन बसल्यावर रडली. कारण पोरीने खोटं काही सांगितलं नव्हतं. दर शनिवार-रविवार येईन म्हणून मी कबूल केलं होतं, आणि नेट्स आहेत, सामना आहे, समिती आहे, करत करत महिन्यातून एकदा येत होतो. मुलीच्या हिशेबी बाबा हा नासचा खेळाडू होता, मधूनमधून भेटायला येणारा.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "मी 'ये' म्हटलं असतं तर आला असतास रे. पाहुण्यासारखा आला असतास, बॅग न उघडता."

म्हणून तिने तुला फोन केला, आणि मला कधी कळू देणार नाहीस असा शब्द घेतला. तेव्हा तू तिला एकच विचारलंस म्हणे, "वहिनी, तो माझ्याशी बोलणार नाही, चालेल?" ती म्हणाली, चार दिवस फुगेल आणि विसरेल. त्यावर तू म्हणालास, "नाही विसरणार, मी ओळखतो त्याला. पण तुम्ही म्हणताय तर सोडतो."

तिला वाटलं होतं गणपतीपर्यंत आपलं जुळेल. मग वर्ष गेलं, मग आणखी एक, आणि जितका उशीर तितकं सांगणं अवघड. तू ऑस्ट्रेलियाला निघालास तेव्हा तिने तुला फोन करून शब्दातून मोकळं केलं होतं. तू म्हणालास, आता कशाला, तो तिकडे रमलाय.

मग मी विचारलं, आणि ते एक्स-रेवाले डॉक्टर? ती म्हणाली, त्यांनाही मीच सांगितलं. मग त्यांना कीपर नको होता? "त्यांना बॉलर हवा होता." इतकी वर्षं मी ह्या गावात, आम्हाला पद्माकर द्या, ह्या वाक्यावर छाती काढून फिरत होतो.

हसू नकोस. हस, हवं तर.

तुझ्या निरोपाची पार्टी होती त्या दिवशी मी गाडी काढली होती. मोनॅहनला थांबलो, चहा घेतला, आणि तिथूनच मागे वळलो. म्हटलं, ज्याला मी नको होतो त्याच्या निरोपाला मी का जाऊ. तू दाराकडे बघत होतास का रे त्या संध्याकाळी? स्वरूपा मला आयुष्यात क्षमा करणार नाही, आणि तिने करूही नये.

तुझी आठवण रोज यायची. राग म्हणून यायची, पण यायची. झेल सुटला की तुझी शिवी ऐकू यायची. सामना जिंकलो त्या एका वर्षी पहिला फोन तुलाच लावायला निघालो होतो. तू मला संघातून काढलं नव्हतंस, घरी धाडलं होतंस, आणि मी तुलाच सगळीकडे नावं ठेवत हिंडलो.

अहवाल पुसून टाकला. नवा कसा लिहावा कळत नाही. जो उपयोग झाला तो चषकाच्या गुणतक्त्यात कुठे दाखवायचा?

पद्या


लेटरकेनी
३० मे २०२१

देवा,

तुझं पत्र आलं. सात वर्षांनी तुला लिहायला सुचलं ते एवढं: "वहिनींनी सांगितलं ना, मग झालं. मी शब्द मोडला नाही, हे नोंदवून ठेव. आणि तो डबा स्वरूपाच्या आईचा आहे, त्या अजून विचारतात." लेका, ह्यापेक्षा माझा वीज कंपनीशी पत्रव्यवहार जास्त जिव्हाळ्याचा आहे. तरी चार वेळा वाचलं. माधवीलाही वाचून दाखवलं, तिने डोळे पुसले आणि म्हणाली, भाऊजी बदलले नाहीत.

आता समितीचा निकाल. वॉटरफोर्डला सवलत दिली. मी अहवालात लिहिलं, ऑस्ट्रेलियाने चांगले खेळाडू दिले आणि ते घराच्या ओढीने परत गेले. आपण उलटं करू. नव्या संघाने आधी हे बघावं की कुणाचं घर त्या बाजूला आहे, मग तो कसा खेळतो ते बघावं. झूमवर पाच मिनिटं नुसता गोंधळ. शैलेंद्र म्हणाला, हे क्रिकेट आहे की वधूवर सूचक मंडळ? उल्हास बिचारा म्हणत राहिला, सर, पण आम्हाला एक तरी बॉलर द्या.

मला तो नियम असाच सुचला नव्हता. डब्लिनच्या संघात संकेत म्हणून एक मुलगा आहे, सॉफ्टवेअरवाला, उत्तम फलंदाज. त्याची बायको भार्गवी वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. दोन वर्षांचा मुलगा तिच्याजवळ असतो. मार्चमध्ये तिचा माधवीला फोन आला होता. दोघी दार लावून तासभर बोलल्या. बाहेर आल्यावर माधवीने माझ्याकडे नुसतं बघितलं. मी काही न विचारता डब्लिनचा कप्तान म्हणून शैलेंद्रला फोन लावला आणि म्हटलं, संकेतला राखीव यादीत घेऊ नकोस. तो उखडला, आपला पहिल्या क्रमांकाचा फलंदाज आहे म्हणाला. मी त्याला कारण सांगितलं, आणि कारण कुणाला सांगायचं नाही असा शब्दही घेतला. शेवटी तो कुरकुरत तयार झाला, आणि वॉटरफोर्डने संकेतला उचललं.

संकेतला एवढंच कळलं की चिटणिसाने आपलं नाव काढायला लावलं. त्याने मला फोन केला. म्हणाला, "काका, तुम्ही सीनियर आहात म्हणून गप्प बसतो, पण हे बरं नाही केलंत. मी काय वाकडं केलं होतं तुमचं?"

माझ्या जिभेवर आलं होतं रे. एका वाक्याचं काम होतं. पण संकेतला कळू देणार नाही, असा भार्गवीला शब्द दिलेला. मी म्हणालो, संघाच्या भल्यासाठी.

त्याने फोन ठेवला. ग्रुपवर आता मी काही लिहिलं की तो तेवढं सोडून बाकी सगळ्यांना उत्तर देतो. परवा उल्हासशी बोलणं झालं. आता जिल्ह्याबाहेर जाता येतं, सरावही सुरू झालेत. म्हणाला, संकेत शुक्रवारी येतो, सरावाला तोंड पाडून उभा असतो, कुणाशी बोलत नाही, आणि सोमवारी सकाळी जातो. मी विचारलं, सोमवारी? रविवारी नाही? म्हणाला, सोमवारी, मुलाला पाळणाघरात सोडून मग निघतो.

मी फोन ठेवला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. तुला हे किती वेळा असं कळलं असेल कुणाकडून तरी, की पद्या शुक्रवारीच जातो, की पद्याने तिकडे नोकरी बघितली? आणि तू कुणाजवळ बोलला असशील? मला निदान तू आहेस सांगायला. तुला तेव्हा मी नव्हतो.

आता डब्याचं. तूरडाळ प्लास्टिकच्या बरणीत गेली. माधवीने डबा चिंच लावून घासलाय, खालचं कोरलेलं नाव आता वाचता येतं, स्वरूपाच्या आईंचंच आहे. पाठवायला घेतला, तर माधवी म्हणाली, रिकामा डबा परत द्यायचा नसतो. भरून पाठवावा, तर तुमचे कस्टमवाले परदेशातलं घरगुती काही दिसलं की त्यावर तुटून पडतात, शंकरपाळे बघून कुत्रं सोडतील. आणि माणसाने घेऊन यावं, तर तुमच्या देशाने दारं लावून घेतलीत.

तेव्हा डबा इथेच राहील. दारं उघडली की तू आणि स्वरूपा या, आणि घेऊन जा. विमानतळावर मी येतो. नासवरून जाऊ, कालव्यामागे पाच मिनिटं थांबू, मोनॅहनला चहा घेऊ. ज्ञानदाला तुझ्याकडून तो लंबगोल चेंडू लाथाडायला शिकायचाय. शंकरपाळे माधवी त्याच दिवशी तळेल.

ह्या वेळी मीही खाईन.

तुझा,
पद्या